डब्यातलं पहिलं नाव

"गाडी आहे का?"

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आडनाव नाही, गाव नाही, लग्न झालंय का नाही, मांसमच्छी चालते का नाही. मी चिपळूणची. माशांच्या बाबतीत काय उत्तर द्यायचं हे बसमध्ये रात्रभर घोकून आले होते, ते सगळं फुकट गेलं. स्कूटी आहे, बसच्या टपावरून आणलीय म्हटल्यावर काकू चपला घालून खाली आल्या, टायर दाबून बघितले, मागच्या सीटवर बसून दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाल्या, "खोली तुझी. चहा घेतेस?"

इन्शुरन्स कंपनीनं माझी बदली इथं केली होती. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा पाट्यांवर औरंगाबाद होतं. दुष्काळाची वर्षं चालू होती. आमच्या कॉलनीत नळाला पाणी येणार म्हणजे लग्नघरासारखी गडबड असायची आणि तरीही दर महिन्याला घरांची नवी स्कीम उभी राहत होती, "निसर्गाच्या कुशीत" वगैरे बोर्ड लावून. टँकर आणि काँक्रीटची गाडी समोरासमोर येऊन गल्ली अडवून बसायच्या. मी पहिल्या सकाळी बेसिनचा नळ सोडून दात घासत होते तर काकू दारात उभ्या.

"बंद कर आधी! ट्रंक कॉलवर हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं काय चालवलंयस?"

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण एक्स्चेंज काही त्यांच्या तोंडातून रिटायर झालं नव्हतं. बोलताना मध्येच दूधवाला आला तर मला "होल्ड कर" म्हणायच्या. शेजारीण भांडायला आली तर "राँग नंबर" म्हणून दार लावून घ्यायच्या. एकट्या राहायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर "अहो लाईनीच मोकळ्या नव्हत्या" असं सांगून मोकळ्या व्हायच्या.

गाडी कशासाठी, हे मला पहिल्या रविवारी कळलं. सकाळी बघते तर काकू कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला लाल पंचा अशा थाटात जिन्यात उभ्या. खांद्याला शबनम. त्यात खुरपं, टॉर्च, दोरीला बांधलेलं लोहचुंबक आणि अर्धा डझन लिंबं.

"चल, तुला गाव दाखवते."

मला वाटलं बीबी का मकबरा दाखवतील. त्यांनी मला एका पेट्रोल पंपामागच्या कुंपणापाशी नेलं, मोबाइल नाकासमोर धरून चार पावलं पुढं, दोन पावलं मागं केली आणि पोलादी खांबाच्या बुडातून काडेपेटीएवढी डबी बाहेर काढली. आत कागदाची सुरळी. त्यावर नावं, तारखा, एक तर चक्क कोरियन अक्षरात. काकूंनी डबी डोक्यावर धरली आणि भर रस्त्यात ओरडल्या, "लागली लाईन!"

मी तिथंच स्कूटी चालू करून पळून जाणार होते. पण मग त्यांनी समजावून सांगितलं. जगभर लोक असे डबे लपवून ठेवतात. कुठं लपवला त्या जागेचे आकडे, अक्षांश-रेखांशाचे, नेटवर टाकतात. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन शोधायचं. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथं परत ठेवून द्यायचा. घरी न्यायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. ह्याला म्हणे जिओकॅशिंग म्हणतात. काकू नुसतं "डबे" म्हणायच्या.

"आणि मिळतं काय?" मी विचारलं.

"सापडतं," काकू म्हणाल्या. ह्याच्या पुढं त्यांना काही सांगायचंच नव्हतं.

त्यांना आकडे लिहून घ्यावे लागत नसत. एक्स्चेंजच्या काळात अर्ध्या शहराचे नंबर पाठ असलेली बाई ती. डब्याचे आकडे एकदा वाचले की पाठ. जवळचा डबा असला की म्हणायच्या "ऑर्डिनरी आहे", लांबचा असला की "ट्रंक", आणि ज्या डब्याची जागा आता पाडायला घेतलीय असं कानावर आलं की एकदम तातडीचा, "लाइटनिंग कॉल! ऑफिसला कळव, पोट दुखतंय." त्या वर्षी माझं पोट फार दुखलं.

कारण शहर वाढत होतं आणि डबे मरत होते. चिकलठाण्याच्या बाजूला रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या ढोलीत एक डबा होता. आम्ही पोचलो तोवर रस्ता रुंद झाला होता आणि कडुनिंबाच्या जागी एका सोसायटीचं गेट, त्यावर सिमेंटचे दोन हत्ती. काकू त्या हत्तींपुढं उभ्या राहिल्या आणि बंद पडलेल्या फोनवर ऐकू येतं त्या आवाजात म्हणाल्या, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही." वॉचमन हसला. काकू हसल्या नाहीत. परत येईपर्यंत मागच्या सीटवर एक शब्द नाही. मी दोनदा वळून बघितलं, पडल्या की काय म्हणून.

शहागंजातला डबा मात्र त्यांनी असा मिळवला की विचारू नका. भर बाजारात, एका बंद पडलेल्या पाणपोईच्या मागच्या फटीत तो होता. दोन्ही बाजूंना दुकानं, समोर फळांच्या गाड्या, सारखी माणसं. अशा जागेला काकूंचा शब्द "एंगेज". बाजार मोकळा व्हायची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या सरळ खाली बसल्या आणि ओरडल्या, "अगं बाई! माझं कानातलं पडलं!"

झालं. खजूरवाले चाचा गाडी सोडून धावले. चपलांच्या दुकानातली पोरं आली. दोन बुरखेवाल्या बायका वाकून मोबाइलचा उजेड पाडायला लागल्या. "खाला, कैसा था? सोने का था क्या?" सगळा बाजार काकूंचं न पडलेलं कानातलं शोधतोय, आणि पाणपोईला इतक्या माणसांनी वेढा घातलेला की काकूंना हात घालता येईना. शेवटी चपलांच्या दुकानातल्या मालकानंच फटीत हात घातला आणि डबी काढून दिली. "ये क्या है, खाला?"

"हौ, हौच! हेच!" म्हणून काकूंनी ती उघडली, सगळ्यांसमोर कागदावर नाव लिहिलं, परत बंद करून त्याच मालकाच्या हातात दिली. "जहाँ थी, वहीच रख दो मियाँ. किसी को बोलना नक्को." त्यानं मान डोलावली आणि ठेवली. नंतर आम्ही त्या रस्त्यानं गेलो की तो गल्ल्यावरून हळूच हात वर करायचा, म्हणजे डबी सुखरूप आहे.

असे जिल्ह्यातले उरलेसुरले सगळे डबे काकूंनी काढले होते. एक सोडून.

खुलताबादच्या पुढं, आत एका गावाच्या पाझर तलावात तो एक होता. कुणा परदेशी जोडप्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी, अशाच एका कोरड्या सालात लपवलेला. लेणी बघायला आले असणार. त्या बिचाऱ्यांना ते तळं आहे हेच कळलं नव्हतं. मैदान समजून मध्यावरच्या मोठ्या दगडाखाली डबा ठेवून, आकडे टाकून, ती दोघं आपल्या देशी निघून गेली. पुढं पाऊस झाला आणि डबा पुरुषभर पाण्याखाली गेला. तेव्हापासून तो कुणालाही सापडला नव्हता. एकालाही नाही.

आणि ह्या एका गोष्टीपायी काकूंचा जीव त्यात अडकला होता. एकदा गच्चीवर वाळवण राखत बसलो असताना त्यांनी मला सांगितलं. "बाकीच्या डब्यांत माझं नाव आहे गं, पण कुठं सातवं, कुठं विसावं. जन्मभर दुसऱ्यांच्या लाईनी जोडल्या. मंत्री काय, डॉक्टर काय, बाळ झाल्याचं कळवणारे, माणूस गेल्याचं कळवणारे... 'ऑपरेटर, जरा लवकर लावा हो!' सगळ्यांना मी ऑपरेटर. एकानं कधी विचारलं नाही, बाई तुमचं नाव काय. तो डबा कोरा आहे. त्यावर पहिलं नाव माझं पाहिजे. बास, एवढंच."

मी कुरडया उलट्या करायला लागले.

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. जिल्ह्यातली तळी एकेक करून आटल्याच्या बातम्या यायला लागल्या. काकू पेपर उघडून आधी ते पान बघायच्या आणि डोळे चमकले की लगेच स्वतःच्याच गालात मारून घ्यायच्या, "मेले, लोक तहानलेत आणि तुला आनंद होतोय!" आणि दुसरं म्हणजे त्या वेबसाइटवर देखरेख करणाऱ्या कुणीतरी लिहिलं, की हा डबा इतकी वर्षं कुणाला सापडला नाही, लपवणारेही उत्तर देत नाहीत, तेव्हा ह्या महिनाअखेरीस तो नकाशावरून काढून टाकण्यात येईल.

"लाइटनिंग!" काकू म्हणाल्या. मी न सांगताच ऑफिसला फोन केला.

घाट चढून, खुलताबाद ओलांडून, खडीचा रस्ता संपेपर्यंत स्कूटी नेली. तळं खरोखरच ठणठणीत कोरडं होतं. काकू काठावर उतरल्या, मोबाइल धरून तरातरा मध्यापर्यंत चालत गेल्या आणि थांबल्या. मी मागून पोचले. तिथं मोठा दगड नव्हता. तिथं मोठा खड्डा होता. तळं कोरडं पडल्याचा फायदा घेऊन गावानं गाळ काढायला घेतला होता. जेसीबीनं उपसायचं आणि ट्रॅक्टरनं वाहून शेतात टाकायचं, म्हणजे तळं खोल होतं आणि रान सुधारतं. चांगलंच काम, पण आमचा डबा त्या गाळाबरोबर कुणाच्या तरी वावरात जाऊन पडला होता.

मला वाटलं आता त्या हत्तींपुढच्यासारख्या गप्प होतील. पण काकूंनी खड्ड्याभोवती एक फेरी मारली, लाल पंचा घट्ट केला आणि म्हणाल्या, "नंबर बरोबर आहे. माणसानं घर बदललंय फक्त. नवा पत्ता काढू."

मध्यावरचा गाळ कुणाकुणाच्या शेतात गेला ते जेसीबीवाल्याकडून विचारून घेतलं आणि आम्ही बांधाबांधानं निघालो. ऊन असं की डोकं भणभणायला लागलं. काकू दर शेतात उभ्या राहायच्या, काळा गाळ कुठं पडलाय ते बघायच्या, तोंडानं ते आकडे पुटपुटायच्या, म्हणजे त्यांना हुरूप यायचा, आणि खुरप्यानं उकरायला बसायच्या. मध्येच एक लिंबू कापून चोखायच्या आणि साल टाकून पुढं जायच्या. मी दुसरीकडून ढेकळं उलटी करत होते.

आता तुम्हीच विचार करा. कोरड्या रानात, डोक्याला लाल फडकं बांधलेली एक परगावची बाई काहीतरी पुटपुटत जमीन उकरतेय आणि जिथं उकरलं तिथं कापलेलं लिंबू. बांधावर आधी एक माणूस दिसला. मग तिघं. मग दोन मोटारसायकली.

"ओ बाई, काय हुडकायलात?"

"डबा," काकू खाली मान घालूनच म्हणाल्या.

"कशाचा डबा?"

"तळ्यात होता. लई वर्षांपूर्वी पुरून ठेवलेला."

मी डोळे मिटून घेतले. बांधावरच्यांनी एकमेकांकडं बघितलं. गुप्तधन! दुसरं काय? ह्या भागात असा एकही माणूस नसेल ज्यानं आजोबाकडून पुरलेल्या हंड्याची गोष्ट ऐकली नाही. दहा मिनिटांत आम्ही मारुतीच्या पारावर होतो, समोर पोलीस पाटील, आणि भोवती गाव.

पाटील सभ्य माणूस होता. त्यानं आधी पाणी दिलं, अर्धाच पेला, आणि तेवढ्यासाठीही माफी मागितली. "बाई, त्या डब्यात हाय काय?"

"काही नाही."

"काहीच नाय?"

"एखादं खेळणं असेल. कीचेन असेल. आणि कोरा कागद."

"आन त्येच्यासाठी तुमी औरंगाबादेवरनं ह्या उन्हात आलाव?"

"सुट्टी टाकून आलोय," काकू माझ्याकडं बोट दाखवत अभिमानानं म्हणाल्या.

काकू जेवढं खरं बोलत होत्या तेवढं गाव हसत होतं. "आमाला येड्यात काढू नका," मागून कुणीतरी म्हणालं. "लिंबं कशाला हाईत मग?" "सरबताला!" "सरबताला खुरपं लागतं व्हय?" मी मध्ये पडून नेट, अक्षांश, परदेशी जोडपं असं सगळं सांगितलं, त्यानं तर प्रकरण चिघळलंच. परदेशी लोकांनी नकाशा करून ठेवलेलं धन म्हणजे मामुली धन नव्हे. शेवटी पाटील उठला. डबा गावच्या गाळात आहे, तेव्हा तो गाव शोधील आणि गावासमोरच उघडला जाईल, असं त्यानं जाहीर केलं.

मी काकूंकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याबरोबर डबा शोधायला अख्खं गाव निघालं होतं. त्यांनी पदर खोचला आणि पारावर उभ्या राहून सूचना द्यायला सुरुवात केली. काळा गाळ तेवढाच बघायचा. पायानं नाही, हातानं. कुदळ चालवायची नाही, डबा फुटेल. लोकही मुकाट ऐकत होते. ज्यांनी आम्हाला पकडून आणलं होतं तेच आता "म्याडम, हिकडचं झालं, आता कुठलं?" असं विचारायला येत होते.

उन्हं कलली तरी काही सापडलं नाही. आणि मग मळ्याकडून एक बाई आली, साठीच्या पुढची, काखेत एक क्लिपांचा प्लॅस्टिकचा डबा. गयाबाई तिचं नाव. सगळे वाकून माती चाळत असताना ती शांतपणे काकूंपुढं उभी राहिली.

"ह्यो का तुमचा डबा?"

काकूंनी बघितलं. झाकणावर परदेशी अक्षरांचं पुसट स्टिकर होतं. त्यांनी मान हलवली.

"गाळ पांगवताना घावला. झाकण घट हाय, मुंग्या जात न्हाईत. म्या बी ठिवते त्येच्यात." गयाबाईनं क्लिपा उघडल्या. आत भोपळ्याचं, दोडक्याचं, गवारीचं बी, चिंध्यांत बांधलेलं. पावसाची वाट बघत. गाव पुढं सरकलं, बघितलं आणि "हात्तिच्या" म्हणून मागं सरकलं.

"ह्यात एक कागद होता," काकू बियांच्या पुरचुंड्या बाजूला सारत म्हणाल्या. "फेकला का?"

"कागद कुटला? पोराच्या दोन गाड्या व्हत्या, त्या नातवाला दिल्या. आन एक तावीज व्हता. त्यो देवापाशी ठिवलाय."

तिच्या घरी गेलो. कोनाड्यात देवांच्या फोटोंशेजारी, काळ्या दोऱ्यात ओवलेली, बोटाच्या पेराएवढी फिरकीच्या झाकणाची पितळी नळी टांगलेली होती, तिला हळदकुंकू वाहिलेलं. ह्याच नळीत तो कागद असतो. इकडं खुलताबादच्या आसपास कुठल्याही घरात अशाच नळीत तावीज असतो. गयाबाईला दुसरं काय वाटणार? आणि तावीज कुणी उघडून बघत नाही. उघडला की त्यातला गुण जातो. म्हणजे नळीतला कागद इतके दिवस कुणी पाहिलाच नव्हता. तो अजून कोरा होता. काकूंचं पहिलं नाव हातभर अंतरावर होतं.

काकूंनी हात पुढं केला तशी गयाबाई कोनाड्याच्या आड उभी राहिली.

"उगडायचा न्हाय. डबा न्या, पायजे तर बी बी न्या. तावीज न्हाय."

"अहो, तावीज नाही तो! कोरा कागद आहे आत."

"तुमी बगितलाय?"

"नाही."

"मग?"

आणि मग बाकीचं कळलं. भोवतालच्या सगळ्या बोअर आटल्या होत्या. गयाबाईची एकटी चालू होती. रोज थोडा वेळ का होईना, पाणी द्यायची, आणि अर्धं गाव तिथून हंडे भरायचं. कधीपासून? तावीज कोनाड्यात आल्यापासून. पाटलानं पारावर दिलेला अर्धा पेलाही तिथलाच होता. दुपारपासून डबा उघडायला उतावीळ झालेलं गाव आता दारात उभं राहून एका सुरात म्हणत होतं, "नगं, नगं, उगडू नगा!"

मी चिडले. खरं सांगते, भयंकर चिडले. महिना संपायला दोन दिवस होते. डबा नकाशावरून गेला की मग नाव लिहिलं काय आणि न लिहिलं काय. मी पाटलाला विज्ञान समजवायला तोंड उघडलं. काकूंनी माझा हात दाबला.

"बरोबर आहे तुमचं," त्या गयाबाईला म्हणाल्या. "चालू लाईन तोडायची नसते. नोकरीत मी तेवढं एक पाप कधी केलं नाही." आणि ओट्यावर जाऊन बसल्या. बूट काढले. पायाला फोड आले होते. चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. मला रडूच आलं.

गयाबाई थोडा वेळ दारात घुटमळली. मग बाहेर येऊन काकूंशेजारी टेकली.

"पर बाई, तुमाला त्येच्यात करायचं काय व्हतं?"

"नाव लिहायचं होतं. माझं. पहिलं."

"आन मग तावीज घिऊन जायचा?"

"छे हो! न्यायचा नसतोच तो. नाव लिहून परत जागच्या जागी ठेवायचा. तसा नियमच आहे."

"अगं माय!" गयाबाईनं कपाळाला हात लावला. "आदी सांगायचं न्हाय का! मला वाटलं तुमी घिऊन चाललाव. तावीजात नाव लागतंच की! ज्येच्यासाठी करायचा त्येचं नाव लिवूनच तर देत्यात." ती पाटलाकडं वळली. "ह्यो कोराच ऱ्हायलाय म्हणायलीत बाई. बिननावाचा तावीज एवढं पाणी देतो, नाव पडल्यावर काय करंल?"

गावानं विचार केला. हे पटण्यासारखं होतं. फक्त एकच शंका राहिली, की उघडायचा कुणी? ती गयाबाईनंच सोडवली. "घावला मला, पर म्या काय हुडकाया गेले न्हवते. ढेकळं फोडताना हातात आला. हुडकत ह्या आल्यात, तवा ह्यांचाच हाय. ज्येचा त्येनं उगडला तर गुण जात न्हाय."

काकूंना तिनं तांब्याभर पाण्यात हात-पाय धुवायला लावले. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे मला चिपळूणकरणीलाही तोवर समजलं होतं. कपाळाला कुंकू लावलं, पूर्वेकडं तोंड करून पाटावर बसवलं. झाकण वर्षानुवर्षं न फिरवल्यानं घट्ट बसलं होतं. पाटलानं मोटारसायकलच्या डिकीतून पक्कड आणली आणि हात जोडून काकूंना दिली. सगळं दार, खिडकी, ओटा माणसांनी गच्च. एंगेज म्हणजे इतकं एंगेज काकूंनी जन्मात पाहिलं नव्हतं. झाकण फिरलं. सुरळी बाहेर आली. काकूंनी ती दोन बोटांनी उलगडली.

कोरी करकरीत!

मी पेन दिलं. काकूंनी ते घेतलं आणि थांबल्या. वेबसाइटवर त्यांचं एक टोपणनाव होतं, सगळ्या डब्यांत तेच लिहायच्या. मला वाटलं तेच लिहितील. पण त्यांनी पहिल्या ओळीच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं संपूर्ण, ठळक, काना-मात्रा-वेलांटीसकट लिहून काढलं. मग मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू.

"लागली लाईन!" त्या अशा ओरडल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आणि बाहेर, काय झालं ते अर्ध्या लोकांना माहीत नसतानाही, टाळ्या!

दुसरं नाव गयाबाईचं. ती एकेक अक्षर जुळवून लिहीत होती तोवर मागं रांग लागली होती, पाटील सगळ्यांत पुढं. कागद पुरेना म्हणून माझ्या डायरीची पानं फाडून कातरली. काकू रांग लावत होत्या, "एकेकानं! अर्जंट कुणाला आहे? लहान मूल असलेल्यांना आधी सोडा!" त्या रात्री घरी येऊन त्यांनी वेबसाइटवर नवे आकडे टाकले, गयाबाईच्या ओट्याचे. देखरेख करणाऱ्यानं तिकडून कुठूनसं अभिनंदन कळवलं. डबा नकाशावर राहिला.

त्या उन्हाळ्यात गयाबाईची बोअर आटली नाही. कशामुळं, ते मला विचारू नका. मी कोकणातली, पाण्याच्या बाबतीत मी मराठवाड्यात तोंड उघडत नाही. आता तिच्या दाराशी अधूनमधून पाठीवर सॅक लावलेले गोरे लोक येऊन उभे राहतात. ती त्यांना हात-पाय धुवायला लावते, कुंकू लावते, पाटावर बसवते आणि मगच नळी हातात देते.

आणि हे सगळं लिहून झालं, तरी काकूंचं नाव मी अजून तुम्हाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते आयतं मिळायचं नाव नव्हे. खुलताबादच्या पुढं, गयाबाईच्या कोनाड्यात, काळ्या दोऱ्यातल्या नळीत, पहिल्या ओळीत आहे. जा, शोधा.